अंग दुखतंय, पण रिपोर्ट चांगले आहेत

आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव जरा अवघड आहे. फायब्रोमायाल्जिया. नाव तोंडात बसलं नाही तरी काही बिघडत नाही. लक्षणं मात्र नीट ऐका, कारण ती एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. ती आपल्यालाच सांगावी लागतात.

हे दुखणं एका जागचं नसतं. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, डावी बाजू, उजवी बाजू, कमरेच्या वर आणि खालीसुद्धा. आज खांदा जास्त, उद्या मांडी. कुणी म्हणतं ठणकतं, कुणी म्हणतं आग होते, कुणाला मुंग्या येतात. आणि हे तीन महिने, सहा महिने, काहींचं वर्षानुवर्षं चालू असतं. खुरपणीनंतर दोन-चार दिवस अंग आंबतं ते हे नव्हे. ते विसाव्यानं जातं. हे विसाव्यानं जात नाही.

काही जणींना साधा स्पर्शही सोसत नाही. बांगड्या भरताना हात दाबला की डोळ्यांत पाणी येतं. लेकरू येऊन बिलगलं तरी अंग दुखतं, आणि लेकराला दूर सारलं म्हणून मन खातं ते वेगळंच.

दुखण्याच्या जोडीला थकवा आणि झोप. झोप लागत नाही असं नाही, पण आठ तास पडूनही सकाळी उठताना रात्रभर दळण दळल्यासारखं वाटतं. अंग आखडलेलं असतं. मग डोकं चालत नाही. बोलताना साधा शब्द आठवत नाही, बचतगटाचा हिशेब तीनदा मांडला तरी जुळत नाही. काहींचं डोकं दुखतं, पोट बिघडतं, मोठा आवाज किंवा गारठा सहन होत नाही. सगळ्यांना सगळं होतं असं नाही.

एवढं होऊन बाई दवाखान्यात जाते. रक्त तपासतात, फोटो काढतात आणि सांगतात, “रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेलं नाही.” घरी ते एवढंच ऐकलं जातं की हिला काही झालेलं नाही. मग सोंग, कामचोरपणा, माहेरी जायचं निमित्त, असे शब्द सुरू होतात. सासूबाई ऐकत असतील तर त्यांना सांगते, रिपोर्ट चांगले असणं आणि दुखणं खरं असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

असं का होतं? आपला हा रेडिओच घ्या. स्टेशनवरून कार्यक्रम तोच येतो, पण आवाजाचं बटण पूर्ण पिळलं तर कान फाटतात. या आजारात मेंदू आणि मज्जातंतूंमधलं वेदनेचं बटण असं वर अडकून बसतं. सांधे झिजलेले नसतात, हाड मोडलेलं नसतं, म्हणून फोटोत काही येत नाही. पूर्वी, म्हणजे 1990 सालच्या नियमाप्रमाणे, डॉक्टर अंगावरच्या ठरावीक 18 जागा दाबून बघत आणि 11 ठिकाणी दुखलं तर हा आजार धरत. 2010 मध्ये नवे नियम आले. आता किती भागांत दुखतं, थकवा, झोप आणि विसराळूपणा किती आहे, हे विचारून ठरवतात. म्हणजे निदान आपल्या सांगण्यावर आहे. “सगळं अंग दुखतं” एवढ्यावर थांबू नका.

पण ऐकलं आणि घरच्या घरी शिक्का मारला, असंही करू नका. रक्त कमी असणं, थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही अंग दुखतं, थकवा येतो. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने धरतात. बोटांचे सांधे सुजत असतील आणि सकाळचा आखडलेपणा तास-तास जात नसेल तर तो आमवात असू शकतो. त्यावर वेळेत औषध नाही मिळालं तर सांधे वाकडे होतात. ताप, वजन घटणं, हातापायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका.

आता उपाय. दर आठवड्याला सलाईन आणि इंजेक्शन हा यावरचा उपाय नाही. पैसे जातात, दुखणं तिथंच राहतं. वेदनाशामक गोळी रोज खाल्ली तर पोट आणि मूत्रपिंड बिघडण्याची भीती. झोप आणि मज्जातंतूंवर काम करणारी वेगळी औषधं असतात. काहींना ती लागू पडतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

सगळ्यात भरवशाचा उपाय व्यायाम. हे सांगितलं की बाया हसतात. “दिवसभर राबतो, आणखी कसला व्यायाम?” प्रश्न बरोबर आहे. पण राबणं म्हणजे तासन् तास वाकून, एकाच बाजूवर भार देऊन, दमलं तरी न थांबता केलेलं काम. व्यायाम म्हणजे मोकळ्या हातांनी दहा मिनिटं चालणं, आणि अंगाला सोसलं तरच पुढच्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं वाढवणं. सुरुवातीला थोडं जास्त दुखेल, त्यानं घाबरू नका.

दुसरं, बरं वाटलेल्या दिवशी सगळी कामं उरकायची नाहीत. एका दिवसात गोधड्या धुवायच्या, कुरडया घालायच्या आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात, हे बहुतेकींचं होतं. गोधड्या आज दोन, उद्या दोन. ते जमायला घरातल्यांनी पाण्याची घागर उचलली पाहिजे, हे उघड आहे. घरात ऐकत नसतील तर पुढच्या वेळी नवऱ्याला दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवा.

तपासणीला जाण्याआधी मुलाच्या वहीच्या पानावर माणसाचं चित्र काढा, पुढून एक, पाठीमागून एक. पंधरा दिवस जिथं जिथं दुखेल तिथं पेन्सिलनं रंगवा. बाजूला झोप कशी झाली ते लिहा. लिहिता येत नसेल तर गटातली कुणी लिहील. ते पान, जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. आणि ग्रामीण रुग्णालयात समाधान झालं नाही तर जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी मागून घ्या.