नदीची सरासरी आणि नदीचा स्वभाव

श्रोतेहो, एखाद्या नदीतून वर्षाला किती पाणी वाहते, हा आकडा आपण बातम्यांत ऐकतो. नद्यांच्या प्रवाहाचे हिशेब हा माझा रोजचा विषय. म्हणून सांगतो, या एका आकड्यावर नदीतल्या माशांचे भागत नाही.

अमेरिकेतल्या कोलोराडो नदीचेच पाहा. तिथल्या ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. त्यापूर्वी डोंगरांतला बर्फ वितळला, की मे-जूनमध्ये नदीला गढूळ पूर येई आणि पुराच्या वाळूने काठावर पुळणी तयार होत. धरणानंतर खाली येऊ लागले ते थंड, नितळ पाणी आणि तेही विजेच्या मागणीप्रमाणे. कोमट, गढूळ पाण्याची सवय असलेल्या तिथल्या मूळच्या माशांना ते मानवले नाही. वाळूचे काठही झिजत गेले. शेवटी १९९६ च्या मार्चअखेरीस आठवडाभर ४५ हजार क्युसेक पाणी सोडून मुद्दाम पूर आणावा लागला.

मग नदीचा स्वभाव मोजायचा कसा? लेरॉय पॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पाच गोष्टी सांगितल्या. पाणी किती, तसे किती वेळा आले, किती दिवस टिकले, वर्षात केव्हा आले आणि किती झपाट्याने चढले-उतरले. पुढे २००३ मध्ये ज्युलियन ओल्डन आणि पॉफ यांनी या पाच गोष्टी मोजणारे १७१ निर्देशांक तपासले. त्यांतले बरेचसे एकच गोष्ट निराळ्या तऱ्हेने सांगतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

हे सारे हिशेब हाताने करणे अवघडच. त्यासाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 'ईफ्लोस्टॅट्स' हे सॉफ्टवेअर तयार केले. 'आर' या मोफत संगणकभाषेत ते चालते. रोजच्या सरासरी प्रवाहाचे आकडे त्याला द्यायचे. मध्येच एखादा दिवस गळला आहे का, वर्ष पूर्ण आहे का, हे आधी तपासून घेता येते आणि मग निर्देशांक मिळतात.

यात खाचाखोचा फार. समजा, वर्षातला सर्वांत मोठा पूर एकदा ३१ डिसेंबरला आला आणि एकदा १ जानेवारीला. दिवसांचे क्रमांक ३६५ आणि १. साधी सरासरी १८३, म्हणजे चक्क २ जुलै! म्हणून तारखा घड्याळाच्या तबकडीसारख्या वर्तुळावर मांडून त्यांची सरासरी काढावी लागते.

अशा ठिकाणी गणित कसे केले, हे दिसणे महत्त्वाचे असते. ईफ्लोस्टॅट्सचा सोर्स कोड खुला आहे. तो कोणीही वाचावा, तपासावा, मोफत वापरावा. पाण्यावरून वाद होतात तेव्हा धरण चालवणारा एक आकडा सांगतो आणि मासेमारी करणारा दुसरा. दोघांना एकच हिशेब आपापल्या संगणकावर करून पाहता आला, तर निदान आकड्यांवरचे भांडण मिटते. मग खरा प्रश्न उरतो, पाणी कोणासाठी आणि केव्हा सोडायचे.

पण साधनाची मर्यादाही ओळखावी. ग्लेन कॅन्यनखाली पाणी दिवसाच्या दिवसात चढते-उतरते. पाण्याच्या कडेला घातलेली जलकीटकांची अंडी पाणी उतरले की उघडी पडून सुकतात, आणि माशांचे अन्न तर हेच कीटक. म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पाणी कमी, पण एकाच पातळीवर ठेवण्याचा प्रयोग झाला. रोजच्या सरासरीत ही चढ-उतार बुडून जाते. तिथे तासातासाच्याच नोंदी हव्यात.

आणखी एक गोष्ट. धरणाने नेमके काय बदलले, हे कोलोराडोबाबत सांगता येते, कारण लीज फेरी येथे १९२१ पासून प्रवाह मोजला जातो. धरणाआधीची चाळीसहून अधिक वर्षे वहीत आहेत आणि ती वही सर्वांना पाहता येते. हे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या नद्यांनाही चालेल. पण वर्षानुवर्षांच्या, खंड नसलेल्या, सर्वांना मिळणाऱ्या रोजच्या नोंदी त्याला द्याव्या लागतील. सॉफ्टवेअर फुकट मिळते, श्रोतेहो. जुन्या नोंदी मात्र मागाहून कोणालाच तयार करता येत नाहीत. म्हणून धरणाचा नकाशा कागदावर येण्याच्या कितीतरी आधी नदीत मोजपट्टी उभी राहायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)