पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास



अमळनेरात माध्यमिक शिक्षकांच्या या अधिवेशनाची अध्यक्ष म्हणून बोलायला उभं राहिलं की साने गुरुजींचं नाव आपोआप ओठांवर येतं. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, हे आपण सगळे जाणतो. मला आज आठवण करून द्यायची आहे ती त्यांच्या छात्रालयाच्या कामाची. दिवसा वर्गात ज्यांना शिकवायचं, त्यांच्याच खोल्यांतून संध्याकाळी गुरुजी वावरत. कोण वाचतोय, कोण नुसतं पुस्तक धरून बसलाय, कोणाचं चित्त घरी लागलंय, हे त्यांना दिसत असे. आपल्याला मूल दिसतं ते अकरा ते पाच, गणवेशात, बाकावर. त्याचा खरा अभ्यास होतो त्यानंतर, आणि तिथे आपण नसतो.

आपण वर्षभर मुलांना सांगतो, अभ्यास करा. पालक सांगतात, क्लासवाले सांगतात, निरोप समारंभाला आलेले पाहुणेही सांगतात. तो कसा करायचा, हे मात्र दहा वर्षांत एकही तास त्यांना कोणी शिकवत नाही. दहावीच्या मुलांच्या मनावर जो ताण आहे, त्याचा मोठा भाग इथून येतो, असं माझं ठाम मत आहे. समुपदेशकाचं वर्षातून एक व्याख्यान ठेवून तो उतरणार नाही. तो उतरवायचा तर आपल्या रोजच्या तासिकेतच काही बदलावं लागेल.

ताण आहे, याला पुरावा द्यायची गरज नाही, तरी एक आकडा सांगते. एनसीईआरटीने २०२२ साली सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. चिंतेचं कारण म्हणून ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचं नाव घेतलं. बाकी सगळ्या कारणांच्या आधी हे आलं. म्हणजे मुलांच्या चिंतेचा मुख्य कारखाना आपल्याच हातात आहे.

आता एक पुस्तक तुमच्यासमोर उघडते. मी विज्ञान शिकवत आले. प्रिलिमच्या आधी एक मुलगी रडवेली होऊन आली. म्हणाली, "बाई, मी सगळं चारचारदा वाचलंय, पण काहीच लक्षात राहत नाही." तिचं पुस्तक हातात घेतलं. भिंगांचा धडा होता. पान पिवळ्या आणि गुलाबी हायलायटरने इतकं रंगलं होतं की न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. समासात "व्हेरी आयएमपी", त्याखाली तीन चांदण्या. मी पुस्तक मिटलं आणि कोरा कागद पुढे ठेवला. म्हटलं, बहिर्वक्र भिंगापुढे एफ-वन आणि टू-एफ-वन यांच्यामध्ये वस्तू ठेवली आहे, किरणाकृती काढ. तिने मुख्य अक्ष आखला, भिंग काढलं, बाण उभा केला आणि थांबली. पहिला किरण अक्षाला समांतर न्यायचा, हे तिला आठवेना. पुस्तकात ती आकृती तिने इतक्यांदा पाहिली होती की ती आपल्याला येते, अशी तिची खात्रीच झाली होती.

मग मी फक्त दोन किरण कसे जातात ते विचारलं. समांतर आलेला भिंगातून गेल्यावर नाभीतून जातो, प्रकाशीय मध्यातून जाणारा सरळ जातो. एवढ्यावर तिने बाकीची आकृती स्वतः पुरी केली. प्रतिमा टू-एफ-टूच्या पलीकडे, वास्तव, उलटी आणि मोठी. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता तीच आकृती काढून आण, म्हटलं. तिने आणली. पुढच्या आठवड्यात पुन्हा काढायला लावली, तेव्हा तिचा चेहरा निवळला होता. अभ्यासाचे तास तिने वाढवले नव्हते. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे तिला पहिल्यांदा नेमकं कळलं होतं. मुलाला सर्वांत जास्त छळते ती ही अनिश्चितता. वाचलं तर आहे, पण पेपरात आठवेल का?

यामागचं शास्त्र जुनं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मृतीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि ठराविक काळाने पुन्हा पाठ करून पाहिल्या. एका दिवसानंतर पहिल्या वेळच्या श्रमांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा वाचत होता. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, हे त्याने दाखवलं. सोमवारी शिकवलेल्या धड्याची पहिली उजळणी चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री होणार असेल, तर ते मूल उजळणी करत नसतं. ते धडा नव्याने शिकत असतं, आणि तेही एका रात्रीत.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २००६ सालचा, रोडिगर आणि कार्पिकी यांचा. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचला आणि मग न पाहता आठवून लिहिला, तीन वेळा. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पाहिलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. बंधुभगिनींनो, यातला पहिला आकडा नीट लक्षात घ्या. वाचून उठल्या उठल्या मुलाला खरंच जास्त येत असतं, म्हणूनच ते वाचण्याला चिकटून राहतं. त्याला आळशी म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची फसवणूक त्याच्या स्वतःच्या अनुभवाने केलेली असते.

हे आपल्या परंपरेलाही नवं नाही. संथा देणारे गुरुजी पोथी बाजूला ठेवून "म्हणून दाखव" असंच म्हणत. पाढे आपण पाठ केले ते वाचून नव्हे, दिवेलागणीला म्हणून. घोकंपट्टीला मी विरोध करते तो अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला. आठवण्याच्या सरावाला नाही.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. प्रत्येक तासिकेची शेवटची सात-आठ मिनिटं पुस्तक मिटून ठेवायची. आज काय शिकलो ते मुलांनी न पाहता लिहायचं आणि मग पुस्तक उघडून शेजारच्याची वही तपासायची. गुण द्यायचे नाहीत, शेरा मारायचा नाही, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं तर मुळीच नाही. तोच प्रश्न आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा फळ्यावर यायला हवा. अभ्यासक्रम कसा पुरा होणार, असं कोणी विचारेल. आपण पुरा करतो तो अभ्यासक्रम मुलांच्या डोक्यात किती उरतो, हे प्रिलिमचे पेपर तपासताना आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

आणि हे नववीत सुरू व्हायला हवं. दहावीच्या दिवाळीनंतर सवयी बदलत नाहीत, तेव्हा फक्त घबराट वाढते.

झोपेबद्दल थोडं बोलते, कारण तिची आपण फार उपेक्षा केली आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन उशिरा स्रवतं आणि झोप उशिरा येते. रात्री अकरापर्यंत जागणारा पंधरा वर्षांचा मुलगा दरवेळी मोबाईलमुळेच जागतो असं नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. त्याचं मी स्वागत करते. पण दोन पाळ्यांच्या शाळांत सकाळी सातची पाळी मग मोठ्या वर्गांच्या वाट्याला येते, आणि ज्यांना पहाटे उठणं शरीरानेच अवघड केलं आहे त्यांनाच आपण अंधारात बसस्टॉपवर उभं करतो. त्यातच सकाळच्या क्लासची साडेपाचची बॅच. दिवसभर शिकलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. झोप कापून केलेला अभ्यास हा फुटक्या घड्यात पाणी ओतण्यासारखा आहे.

आता टक्क्यांबद्दल. दहावीचा राज्याचा निकाल २०१९ साली ७७.१० टक्के लागला, २०२० साली ९५.३०. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं इतकी हुशार झाली का? भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे काढून घेतलेले अंतर्गत गुण परत आले आणि करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला. २०२१ साली तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. मोजपट्टी अशी दरवर्षी बदलते. घरी मात्र २०१९च्या दादाला ७४ टक्के होते आणि २०२०च्या ताईला ८८, यावरून आयुष्यभराची तुलना ठरते. पालक सभेत हे आकडे फळ्यावर लिहून दाखवा. मी दाखवले आहेत. बाप माणसं गप्प होतात आणि मग आपणहून बोलू लागतात.

परीक्षेच्या तोंडावर येणाऱ्या भीतीसाठी एक उपाय प्रयोगात तपासला गेला आहे. रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांना २०११ साली आढळलं की पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहून काढली, तर फार घाबरणाऱ्या मुलांची कामगिरी सुधारते. नववीच्या वर्गातही त्यांनी हे पाहिलं. खर्च एका कागदाचा. प्रिलिमला आपण हे करून पाहू शकतो. तो कागद कोणी वाचायचा नाही, मुलाने तो फाडून टाकायचा.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या प्रत्येकामागे एकच कारण नसतं आणि सगळा दोष परीक्षेवर टाकणं बरोबर नाही. पण निकालाच्या दिवशी आपण काय करतो, हे मी विचारणारच. ऑनलाइन निकाल लागतो दुपारी. शाळेत पेढे येतात, पहिल्या पाचांचे फोटो फलकावर लागतात. ज्याचे दोन विषय गेले, तो त्या वेळी कुठे असतो, हे आपल्याला माहीत नसतं. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा पावसाळ्यातच होते, टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. हे त्या मुलाला त्याच दुपारी, त्याच्या वर्गशिक्षकाच्या तोंडून कळायला हवं. शेजाऱ्यांच्या चौकशीआधी आपला फोन पोचला पाहिजे.

दुपारच्या सत्रात तीन ठराव येणार आहेत. येत्या जूनपासून नववी आणि दहावीच्या प्रत्येक तासिकेत मिटल्या पुस्तकाची आठ मिनिटं. सकाळच्या पाळीतून माध्यमिक वर्ग काढण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन. आणि निकालाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत शाळा उघडी ठेवून, विषय राहिलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी वर्गशिक्षकाचा फोन. तिन्हींवर मोकळेपणाने चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा. तिसऱ्यावर मात्र मी एकही दुरुस्ती स्वीकारणार नाही.