भाऊबिजेचा चंद्र

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेले भाषण)



दूध आटेपर्यंत काहीतरी बोला, असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला म्हणून उभी राहिले आहे. मी खगोलशास्त्र शिकलेली नाही. पण पन्नासाहून अधिक वर्षे चंद्र पाहण्याची मला सवय आहे. ती कशी लागली तेच सांगते.

माझे लग्न 1970 साली झाले. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो. पुढच्याच वर्षी पावसाळ्यात माझा थोरला भाऊ तापाने गेला. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. तो एकुलता एक. दिवाळी आली, भाऊबीज आली. घरी दोन्ही नणंदा आपल्या भावाला ओवाळायला आलेल्या. सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "तू चंद्राला ओवाळ हो. ज्या बहिणीला भाऊ नाही, तिचा तोच भाऊ." आपल्यात ही रीत आहेच.

पाहुण्यांची पाने झाली, उष्टी-खरकटी निघाली, मग मी निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी असे तबक घेऊन गच्चीवर गेले. साडेआठ झाले होते. आभाळ स्वच्छ होते, चांदण्या लखलखत होत्या, आणि चंद्र कुठेच नव्हता. मी पूर्वेला पाहिले, डोक्यावर पाहिले, पाण्याच्या टाकीमागे जाऊन पाहिले. निरांजनातले तूप संपले तशी खाली आले. चंद्रानेही पाठ फिरवली, असे त्या रात्री मला खरोखरच वाटले. आज तुम्हाला त्याचे हसू येईल, पण तेव्हा मी एकवीस वर्षांची होते.

मामंजी शाळामास्तर होते. त्यांना कोणी सांगितले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधीच त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, ते तबक घे आणि वर चल." सूर्य नुकताच बुडाला होता. त्यांनी पश्चिमेकडे बोट केले. समोरच्या इमारतीच्या जरा वर चंद्राची कोर होती. "कालही आला होता," ते म्हणाले, "याच्याहून बारीक होता. तू यायच्या आधी गेला." मी त्या तृतीयेच्या चंद्रालाच ओवाळले. तिथी चुकली होती, पण सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत.

बिजेचा चंद्र सूर्याच्या मागोमाग जातो. सूर्यास्तानंतर तासा-दीड तासातच तो मावळतो. पंचांगात तिथी दिवसभराची लिहिलेली असली तरी चंद्र काही रात्रभर आपल्यासाठी थांबत नाही. हे मला कोणी शिकवलेच नव्हते. आपण चतुर्थ्या करतो, एकादश्या करतो, पण त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून. आकाशात पाहून नव्हे.

मामंजींनी मग मला महिनाभराचा अभ्यास दिला. धोब्याच्या हिशेबाची एक वही होती. तिच्यात रोज सूर्य मावळताना चंद्र कुठे आहे ते टिपायचे आणि त्याचे चित्र काढायचे. रोज तो आदल्या दिवसापेक्षा पूर्वेकडे सरकलेला आणि थोडा भरलेला. शुद्ध अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी तो जवळजवळ डोक्यावर होता आणि बरोबर अर्धा. पौर्णिमेला इकडे सूर्य मावळतो आहे आणि तिकडे चंद्र उगवतो आहे, असे दोघे समोरासमोर. त्यानंतर संध्याकाळी चंद्र दिसेना. मी वही मिटणार, तोच मामंजी म्हणाले, "आता पहाटे बघ." वद्य पक्षातला चंद्र सकाळी सात-आठ वाजताही पश्चिमेला फिकट दिसतो. शेजारच्या मुलांना मी तो दाखवला, तर त्यांना दिवसाचा चंद्र खोटाच वाटला.

तोवर माझी समजूत अशी होती की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कापल्यासारखा दिसतो. तुमच्यापैकीही कित्येकींची असेल. ती चुकीची आहे. उद्या घरी करून पाहा. खोली अंधारी करून एकच दिवा लावा, हातात एक मोसंबे घ्या. दिवा म्हणजे सूर्य, आपले डोके म्हणजे पृथ्वी. मोसंबे दिव्याच्या दिशेने समोर धरले की आपल्याकडची बाजू काळोखी, ती अमावास्या. तसेच धरून डावीकडे हळूहळू वळा. आधी उजवी कड उजळेल, ती बीज. पाव वळणावर अर्धे मोसंबे, ती अष्टमी. दिवा पाठीशी आला की सबंध उजळेल, ती पौर्णिमा. मोसंब्याचा अर्धा भाग सतत उजेडातच असतो. त्यातला आपल्याला किती दिसतो एवढाच फरक. मात्र ते डोक्यापेक्षा जरा उंच धरा, नाहीतर आपल्याच डोक्याची सावली त्यावर पडेल. पडली, तर ते ग्रहण. चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी. त्याची चाल कधी जलद, कधी मंद असते. म्हणून तिथी कधी एकोणीस तासांची, तर कधी सव्वीस तासांची होते, आणि पंचांगात क्षय-वृद्धी येतात.

आणि रोज तो साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. संकष्टीच्या दिवशी पौर्णिमेनंतर तीन-चार दिवस झालेले असतात, म्हणून इतकी वाट पाहावी लागते. त्यातही हे उशिराचे अंतर वर्षभर सारखे नसते. भाद्रपद-आश्विनात साडेआठ-नऊला सुटका होते, उन्हाळ्यात मात्र दहा वाजून जातात. साबुदाणा त्या मानाने भिजवावा! जन्माष्टमीला मध्यरात्री पाळणा हलतो, तेव्हाच वद्य अष्टमीचा चंद्र उगवत असतो, हेही मला वहीमुळेच कळले. गणेशचतुर्थीला मुलांना आपण आभाळाकडे पाहू देत नाही, पण नऊच्या सुमारास तो बिचारा आपणहून मावळतो. आणि आपण आज मध्यरात्री दुधात त्याला पाहणार आहोत, कारण पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच माथ्यावर येतो.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एका पानावर मामंजींच्या अक्षरात लिहिले आहे: काळा भागही पाहा. बिजेच्या कोरीच्या पोटात चंद्राचा उरलेला गोल अंधूक दिसतो. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने तो उजळलेला असतो. दुर्बीण लागत नाही, डोळे थोडे थांबवावे लागतात.

दूध आटले असे दिसते, तेव्हा आवरते. आजपासून सतरा-अठरा दिवसांनी भाऊबीज येईल. कोणाला चंद्राला ओवाळायचे असेल, तर स्वयंपाक मागे ठेवा आणि सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात या गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याशी या. समोरच्या नव्या इमारतीच्या डाव्या अंगाला मोकळे आभाळ आहे. गच्चीची किल्ली त्या संध्याकाळी माझ्याकडे असेल.