मैदान आणि नवे साधन
(राजूर, ता. अकोले येथे महाविद्यालयीन शारीरिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



राजूरच्या परिसरात शारीरिक शिक्षणाविषयी बोलताना संकोच वाटतो. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर ज्यांच्या शेजारी आहे, भंडारदऱ्याच्या डोंगरवाटा ज्यांनी लहानपणापासून तुडविल्या आहेत, त्यांना चढायला आपण काय शिकवावे? त्यांच्या पायांत बळ आहेच. त्याला शास्त्राची जोड देणे हे आपले काम होय. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. अशा बळाला योग्य मार्गदर्शन लाभले म्हणजे काय घडते, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मैदाने ओस पडली. तास मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. इतिहासाचा तास कसाबसा निभावला. पण उडीचा तास कसा निभावणार? ज्या पाड्यावर रेंज नाही, ज्या घरात एकच फोन आणि तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, तेथील विद्यार्थी वर्गाबाहेरच राहिला. साधन नवे असले, तरी शिक्षकाचे कसब नसेल तर ते जोडण्याऐवजी तोडते, हा त्या काळाचा धडा आहे.

मग हे कसब कोणते? एक उदाहरण देतो. लांब उडीत फळीवर पाय टेकतो तो सुमारे सेकंदाच्या आठव्या भागापुरता. आपल्या डोळ्यांना तो क्षण पकडता येत नाही. परंतु सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाईलमध्ये त्याच क्षणाची तीस चित्रे मिळतात. "गुडघा वर घे" असे दहा वेळा ओरडून जे उमगत नाही, ते विद्यार्थ्याला स्वतःची उडी एकदा संथपणे पाहून उमगते. याला रेंज लागत नाही. आठ जणांच्या गटाला एक फोन पुरतो: एकाने उडी मारावी, एकाने टिपावी, इतरांनी पाहून चूक सांगावी. एरवी मैदानाच्या कडेला बसून राहणारी मुलगीही अशा वेळी परीक्षक होते आणि हळूहळू फळीकडे वळते. मात्र कोणाचेही चित्रण संमतीवाचून करू नये आणि काम होताच ते पुसून टाकावे.

जेथे यंत्राची गरज नाही, तेथे ते आणूही नये. धाव संपताच मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत व त्यांना चाराने गुणावे. नाडीचा वेग कळतो.

मित्रहो, तासातील पाच मिनिटे पडद्याला द्या, उरलेला वेळ मातीला द्या. तास संपल्यावर विद्यार्थ्यांच्या अंगावर घाम दिसला, तरच आपले शिकविणे सार्थकी लागले असे समजावे.