सर, उशीर झालाय



नववीत सरांनी आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीच्या रघुनाथ परांजप्यांची गोष्ट सांगितली होती. फर्ग्युसनचे विद्यार्थी, १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले. (तो नंबर एका इंग्रजाबरोबर विभागून होता, हेही सर सांगायचे.) परत येऊन ते फर्ग्युसनमध्येच शिकवू लागले. १९५६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण सरांना कौतुक त्या परत येण्याचं. मी उठून म्हणालो, "सर, मीपण परत येईन." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

पुढे पस्तीस वर्षं मुंबईत बँकेत काढली.

सर, उशीर झालाय. पण जूनपासून नववीचा गणिताचा तास मी घेणार आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी होकार दिलाय.