बेथेस्डा : पाटीच्या दगडाचे गाव

वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात, बँगॉर या विद्यापीठाच्या गावापासून चार-पाच मैलांवर, ऑगवेन नदीच्या काठी बेथेस्डा नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती अवघी चार-पाच हजारांची. लंडनहून आयर्लंडकडे जाणाऱ्या बोटींच्या बंदराला जोडणारा टेलफर्डचा जुना राजमार्ग गावाच्या मधोमध जातो, आणि त्याच्याच दोन्ही अंगांना गाव लांबट पसरलेले आहे. गावाचे नाव बायबलातले. जेरुसलेममधील ज्या कुंडाच्या काठी रोगी बरे होत असत, त्या कुंडाचे हे नाव. 1820 साली येथे एका स्वतंत्र पंथाने आपले प्रार्थनामंदिर बांधले व त्याला हे नाव दिले. पुढे मंदिराभोवती वस्ती वाढली आणि मंदिराचे नाव गावाला पडले. देवळावरून गावाला नाव पडणे आपल्याकडे नवलाचे नाही. परंतु बेथेस्डाचे लोक तेथे आले ते देवासाठी आले नव्हते. ते दगडासाठी आले.

हा दगड म्हणजे पाटीचा दगड. ज्या काळ्या पाटीवर मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांनी श्रीगणेशा गिरवला, त्याच जातीचा. बेथेस्डाचा दगड मात्र काळा नसून जांभळट निळा असतो, आणि भूगर्भशास्त्रज्ञ त्याचे वय सुमारे पन्नास कोटी वर्षे सांगतात. मूळचा हा समुद्रतळाचा गाळ. प्रचंड दाबाखाली त्यातील कण एका दिशेने बसले, म्हणून छिन्नीचा घाव नेमका बसला तर हा दगड पुस्तकाच्या पानांसारखा उलगडतो. या पानांनी इंग्लंडची नवी औद्योगिक शहरे शाकारली गेली. पानांच्या आकारांना व्यापारी नावे होती, तीही मोठी मौजेची. चोवीस इंच लांब व बारा इंच रुंद तुकड्याला ‘डचेस’ म्हणत, वीस इंच लांब व दहा इंच रुंद तुकड्याला ‘काउंटेस’, आणि सोळा इंच लांब व आठ इंच रुंद तुकड्याला नुसती ‘लेडी’. फाटक्या कोटातला मजूर दिवसभर सरदारकन्यांची ही चळत रचीत बसे.

गावापलीकडच्या डोंगरात असलेली पेनरिन खाण ही या साऱ्याचे मूळ. 1782 साली रिचर्ड पेनंट या जमीनदाराने विखुरलेल्या लहान खाणकऱ्यांकडून दगड काढण्याचा हक्क आपल्या हाती घेतला व खाण एकहाती चालविण्यास प्रारंभ केला. त्याने रस्ते केले, बंदर बांधले, 1801 मध्ये खाणीपासून बंदरापर्यंत घोड्यांनी ओढावयाच्या गाड्यांचा लोहमार्ग टाकला. कर्तबगार पुरुष खरा. पण हे भांडवल कोठून आले, हे विसरता येत नाही. पेनंट घराण्याचे जमैकात उसाचे मळे होते आणि त्यांवर शेकडो गुलाम राबत. रिचर्ड पेनंट लिव्हरपूलचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसे व गुलामांच्या व्यापाराची बाजू तेथे हिरिरीने मांडी. पुढे गुलामगिरी रद्द झाली तेव्हा त्याच्या वारसाला 764 गुलामांच्या बदली सरकारकडून चौदा हजार पौंडांहून अधिक नुकसानभरपाई मिळाली. ज्यांची गुलामी सुटली त्यांना एक पैही मिळाली नाही. याच वारसाने 1820 नंतर बँगॉरजवळ पेनरिनचा प्रचंड किल्ला बांधविला. दिसावयास तो मध्ययुगीन नॉर्मन किल्ला, प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातील श्रीमंताचा वाडा. 1859 मध्ये राणी व्हिक्टोरिया तेथे पाहुणी म्हणून आली, त्या किल्ल्यात एक टन वजनाचा पाटीच्या दगडाचा पलंगही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेनरिन ही जगातील सर्वांत मोठी पाटीच्या दगडाची खाण होती. मैलभर लांब, बाराशे फूट खोल, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली. सुमारे तीन हजार माणसे तिच्यात काम करीत. कड्यावरचा कामकरी मांडीला साखळीचा वेढा देऊन उभ्या खडकावर लोंबकळे आणि दोन्ही हातांनी सुरुंगाचे छिद्र पाडी. एक टन उपयोगी दगड मिळविण्यासाठी सुमारे दहा टन दगड फेकून द्यावा लागे. त्या फेकलेल्या दगडांच्या टेकड्या आजही गावावर सावली धरून उभ्या आहेत.

येथील कामाची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. खाणकामगार रोजंदारीवर नसे. तीन-चार जणांची टोळी महिन्याच्या प्रारंभी खडकाचा एक ठरावीक भाग अंगावर घेई. दोघे कड्यावर दगड फोडीत, उरलेले शेडमध्ये बसून तो चिरीत व तासून नीट करीत. खडक चांगला की वाईट, हे पाहून दर ठरे, आणि तो दर मुकादमाशी घासाघीस करून ठरवावयाचा असे. वेल्श भाषेत या व्यवहाराला ‘बार्गेन’ असाच शब्द होता. या पद्धतीमुळे कामगार स्वतःला मजूर समजत नसे, लहानसा ठेकेदार समजे. त्याच्या स्वाभिमानाचे मूळ येथे होते. अर्थात त्याच्या दैन्याचेही मूळ येथेच होते. कारण मुकादमाची मर्जी फिरली तर वाईट खडक व कमी दर वाट्यास येई, आणि मर्जी कशाने फिरते हे सांगता येत नसे. कोणी चर्चला जातो की चॅपेलला, मत टोरींना देतो की लिबरलांना, याचाही त्यात संबंध असतो, अशी कामगारांची पक्की समजूत होती. मालक इंग्रजी बोलणारा, अँग्लिकन व टोरी. कामगार वेल्श बोलणारे, स्वतंत्र पंथांचे व लिबरल. एवढे अंतर असले म्हणजे संशयाला दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही.

या कामगारांची आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. खाणीत दुपारच्या भाकरीसाठी दगडी खोपी असत. त्यांना ‘कबान’ म्हणत. चहाच्या किटलीभोवती बसून तेथे वर्तमानपत्रातील मजकुरावर वाद होत, रविवारच्या प्रवचनाची चिरफाड होई, काव्यस्पर्धा व गाण्याच्या स्पर्धा भरत, आणि सभेला रीतसर अध्यक्ष असे. 1884 साली बँगॉरचे विद्यापीठ महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा उत्तर वेल्सच्या खाणकामगारांनी आपल्या आठवड्याच्या मजुरीतून त्यासाठी वर्गणी दिली. ज्यांना स्वतःला शाळा फारशी लाभली नव्हती, त्यांनी हे केले.

1874 साली उत्तर वेल्सच्या खाणकामगारांचा संघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी पेनरिनच्या मालकाशी करार होऊन कामगारांच्या निवडलेल्या समितीला तक्रारी मांडण्याचा अधिकार मिळाला. अकरा वर्षे ही व्यवस्था चालली. 1885 मध्ये खाणीचा कारभार धाकट्या पेनरिन लॉर्डांच्या हाती आला आणि त्यांनी ती मोडून टाकली. त्यांची भूमिका सरळ होती. खाण माझी आहे. ज्याची तक्रार असेल त्याने एकट्याने येऊन सांगावी. समिती-बिमिती मी ओळखत नाही. ई. ए. यंग या लंडनच्या हिशेबनिसाला त्यांनी मुख्य व्यवस्थापक नेमले. हिशेबाच्या वह्या सुधारल्या, माणसांशी असलेले संबंध बिघडले. 1896 मध्ये अकरा महिन्यांचा एक झगडा झाला. सरकारच्या व्यापार मंडळाने मध्यस्थी करू पाहिली, पण आपल्या घरच्या प्रश्नात बाहेरच्यांनी पडू नये, असे लॉर्डांचे मत कायम राहिले.

मोठा वणवा पेटला तो मात्र एका लहानशा हुकुमाने. 1900 सालच्या एप्रिलमध्ये खाणीच्या आवारात संघाची वर्गणी गोळा करण्यास व्यवस्थापनाने बंदी केली. कारभाराच्या दृष्टीने पाहिले तर बाब किरकोळ. परंतु संघाचे अस्तित्वच नाकारण्याचा तो मार्ग होता, आणि हे हुकूम काढणाऱ्याला व तो ऐकणाऱ्याला सारखेच ठाऊक होते. शरद ऋतूत ठेकेदारांच्या माणसांवर हल्ले झाले, सव्वीस कामगारांवर खटले भरले गेले. नोव्हेंबरात काम पुन्हा सुरू झाले तेव्हा आठशे जणांना खडकाचा भाग मिळालाच नाही. त्यांच्यासाठी उरलेल्यांनी हात आखडते घेतले. शांतपणे काम करा किंवा शांतपणे खाणीबाहेर जा, असे यंग यांनी बजावले. 22 नोव्हेंबर 1900 रोजी कामगारांनी आपापली हत्यारे उचलली आणि ते खरोखरच शांतपणे बाहेर गेले. संपकऱ्यांची एकूण संख्या 2,800 होती.

संप तीन वर्षे चालला. कित्येक पुरुष दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणींत कामाला गेले व तेथून घरी पैसे पाठवू लागले. गावातील गायकवृंद इंग्लंडभर हिंडले. त्यांत स्त्रियांचाही एक वृंद होता. मँचेस्टरपासून लंडनपर्यंत लोकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि झोळीत पैसे टाकले. पण खरी कसोटी गावातच लागली. 11 जून 1901 रोजी खाण पुन्हा उघडली तेव्हा सुमारे चारशे माणसे कामावर परतली. मालकाने त्यांना प्रत्येकी एक सोन्याचा सॉव्हरिन बक्षीस दिला व पगारवाढीचे आश्वासन दिले. दुसऱ्या बाजूने गावातील खिडक्याखिडक्यांत छापील पाट्या झळकल्या : या घरात फितूर नाही. ही पाटी लावणे सोपे होते. ती काढून घेणे मात्र कठीण. ज्या घराच्या खिडकीतून ती एका सकाळी नाहीशी होई, त्या घराशी शेजाऱ्यांचे बोलणे त्याच सकाळी बंद होई. कामावर जाणाऱ्याच्या बायकोला दुकानात कोणी ओळख देत नसे. चॅपेलात एका बाकावर बसणारी माणसे दोन बाकांवर बसू लागली. दगडफेक झाली, पोलीस आले, मग लष्कर आले. कामावर परतलेल्यांतील बऱ्याच जणांनी शेजारच्या ट्रेगार्थ गावात बिऱ्हाडे केली, आणि बेथेस्डा व ट्रेगार्थ या दोन गावांमधील अंतर नकाशावरच्या मैलांपेक्षा फार वाढले.

फितुरांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी दुसऱ्या हिवाळ्यात मूल आजारी आहे आणि कोळसा संपला आहे, त्याने काय करावे याचे उत्तर संघाच्या ठरावात नव्हते. तसेच ज्याने तिसऱ्या हिवाळ्यातही पाटी काढली नाही, त्याला हटवादी म्हणणेही अन्यायाचे होईल. त्याची मागणी केवळ चार पैशांची नव्हती. आपण निवडलेल्या माणसाच्या तोंडून आपले म्हणणे मांडले जावे, एवढेच तो मागत होता.

1903 मध्ये डब्ल्यू. जे. पॅरी या संघाच्या जुन्या नेत्यावर लॉर्ड पेनरिन यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पाचशे पौंडांची नुकसानभरपाई मिळविली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात संप संपला. कामगारांना काहीही मिळाले नाही. सर्वांना परत घेतलेही गेले नाही. पुढाऱ्यांची नावे यादीत होती. मालक जिंकला, परंतु त्याच्या विजयाचा दगडही ठिसूळ निघाला. तीन वर्षांत ग्राहकांनी परदेशी पाट्या व मातीची कौले वापरून पाहिली होती, आणि वेल्सच्या पाटीव्यापाराचे जुने वैभव परत आले नाही.

1904 साली, संप संपल्यानंतरच्या वर्षी, याच गावात कराडोग प्रिचर्ड हा लेखक जन्मला. तो पाच महिन्यांचा असताना त्याचे वडील खाणीत मृत्यू पावले. पुढे आईला डेन्बीच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यावे लागले. त्याची 1961 मधील कादंबरी वेल्श गद्यातील श्रेष्ठ कृतींमध्ये गणली जाते, आणि तीत हे गाव नाव न घेता उभे आहे.

संपाच्या पुढचा अध्याय धुळीचा आहे. पाटी चिरताना उडणारी बारीक धूळ छातीत बसे व माणूस चाळिशीतच धापा टाकू लागे. मालकांच्या डॉक्टरांनी दीर्घकाळ याचा दोष खूप उकळलेल्या चहाला दिला. धूळ अपायकारक नाही, उलट हितकारकच आहे, असे सांगणारेही त्यांत निघाले. पाटीकामगारांना या रोगाबद्दल रीतसर भरपाई देणारा कायदा पार्लमेंटात संमत झाला तो 1979 मध्ये. तोवर त्यातील पुष्कळांना पैशाची गरज उरली नव्हती.

किल्ला 1951 मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला आणि तिकीट काढून कोणालाही आत जाता येऊ लागले. बेथेस्डातील कित्येक कुटुंबे मात्र त्यानंतरही पिढ्यानपिढ्या त्याच्या दारात पाऊल ठेवीत नसत. खाण अजून चालते. माणसे थोडी, यंत्रे पुष्कळ. खाणीच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्यावर 2013 मध्ये तारेचा एक लांबलचक झोका बांधला गेला, आणि पर्यटक ताशी शंभर मैलांच्या वेगाने त्यावरून घसरत जातात. 2021 साली युनेस्कोने वायव्य वेल्सचा हा पाटीचा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. गावात वेल्श भाषा आजही बहुसंख्यांच्या तोंडी आहे. हमरस्त्याच्या एकाच बाजूला सारी पानगृहे आहेत. दुसऱ्या बाजूची जमीन पेनरिनची होती आणि तेथे दारूला परवानगी नव्हती. जमिनीची ती सीमा आता कोणी पाळीत नाही, पण पानगृहे अजून जुन्याच बाजूला उभी आहेत.