रात्रीस खेळ, सकाळी चर्चा

(मंडळाच्या मासिक गप्पांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जे जास्तच घसरलं ते गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.)



आधीच्या वक्त्यांनी गुंतवणुकीवर इतकं अभ्यासपूर्ण भाषण केलं आणि आता मी भुतांवर बोलणार आहे, तेव्हा ज्यांना चहाला जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. विषय मी स्वतःच मागून घेतला. कंपन्यांच्या सर्व्हरवर काय बिघडलं ते शोधून देण्याचे मला पैसे मिळतात, त्यावर बोललो असतो तर भुतं परवडली असं तुम्हीच म्हणाला असतात.

'रात्रीस खेळ चाले' कोणी कोणी पाहिली? हात वर करा. बघा! आणि निम्मे हात अर्धेच वर आलेत. ही मालिका आपण सगळ्यांनी अशीच पाहिली, 'छे, आम्ही नाही पाहत, आई लावते म्हणून कानावर पडतं' असं म्हणत.

झी मराठीवर ती सुरू झाली २२ फेब्रुवारी २०१६ ला. वेळ रात्री साडेदहा, म्हणजे आपले इथले नऊ. आमच्याकडे भारतातलं प्रक्षेपण जसंच्या तसं दिसायचं. आता सांगा, नऊ वाजता कसलं आलंय भूत? शारजात अल नाहदाला आमच्या बिल्डिंगखाली तेव्हा पोरं सायकली फिरवत असायची, कुकरच्या शिट्ट्या चालू असायच्या. गावाकडे लोक दिवे मालवून बघायचे आणि आम्ही भाजीला फोडणी घालत घालत घाबरायचो.

पण खरा कार्यक्रम व्हायचा दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला. आम्ही चौघं शारजाहून दुबई इंटरनेट सिटीकडे एकत्र जायचो, आठवड्याला एकाची गाडी. एक काका, या देशात वीस वर्षं काढलेले. एक पुणेकर, एक नागपूरकर आणि मी कुडाळकडचा. अल इत्तिहाद रोडवर गाडी एकदा अडकली की तासभर निश्चिंती, आणि त्या तासात आदल्या रात्रीच्या भागाचं पोस्टमॉर्टेम. काल विहिरीपाशी कोण होतं? पांडू खरंच विसरतो की सोंग करतो? दत्ताला सगळं माहीत आहे का? तिघं इंजिनियर असल्यामुळे चर्चा अगदी शास्त्रशुद्ध! पुणेकर तर एक्सेलमध्ये नोंदी ठेवायचा. भाग कितवा, घटना काय, त्या वेळी कोण कुठे होतं, आणि शेवटच्या रकान्यात 'भूत / माणूस / दिग्दर्शकाची चूक'. तिसरा पर्याय बराच भरायचा.

ज्यांनी पाहिली नसेल (म्हणजे अर्धा हात वर केलेल्यांनी) त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकणातला नाईकांचा वाडा. अण्णा नाईक वारतात, मुंबईकर मुलगा-सून गावी येतात, आणि घरात चमत्कारिक गोष्टी घडू लागतात. चित्रीकरण कुडाळ-सावंतवाडी रस्त्यावरच्या आकेरी गावात झालं. तो वाडा पुढे लोक गाड्या थांबवून बघायला लागले. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेचे लेखकही. त्यामुळे त्यातलं बोलणं वाचून दाखवल्यासारखं वाटायचं नाही. घरातल्या माणसांनी घरात बोलावं तसं ते वाटायचं.

भयकथा आपल्याला नवीन नाहीत. धारप आणि मतकरी आपण पांघरुणात बॅटरी घेऊन वाचलेत, मतकरींची 'गहिरे पाणी' टीव्हीवर पाहिलीये. २००७ ते २००९ 'असंभव' चालू होती तेव्हा आमच्या इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर मेसची वेळ तिच्यावर ठरायची. पण त्यांतलं भूत मराठी बोलायचं आणि हे माझ्या आजीची भाषा बोलत होतं, हा माझ्यापुरता फरक. शाळेत गेल्यावर मालवणी बोलायची लाज वाटायची, मुंबईला गेल्यावर ती सुटलीच. आणि इथे, समोर शेख झायेद रोडचे टॉवर दिसत असताना, नागपूरकर मला विचारतोय, 'अरे, "इसरलंय" म्हणजे काय?' मालवणीतला अधिकारी म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदाच मान मिळाला.

तेव्हा कोकणातल्या काही लोकांनी मालिकेला विरोधही केला होता. आमच्या भागाची बदनामी, अंधश्रद्धा पसरवताय, असं त्यांचं म्हणणं. गाडीत यावरून दोन तट पडले. पुणेकराचं मत, मालिका ती, गंमत म्हणून बघा. नागपूरकर मात्र पेटायचा. तो कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलेला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉक्टर दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर अध्यादेश निघाला, डिसेंबरात विधिमंडळात कायदा मंजूर झाला, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा, हे सगळं त्याला पाठ. 'ज्या राज्यात एका माणसाने यासाठी जीव दिला, तिथे तीन वर्षांत रोज रात्री साडेदहाला हे?' असं तो विचारायचा. मालिकेतली त्याची लाडकी व्यक्ती म्हणजे मोठी सून नीलिमा, विज्ञान मानणारी, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधणारी. 'ती हरली तर मी बघणं बंद करीन,' अशी धमकी त्याने झी मराठीला आमच्या गाडीतून अनेकदा दिली.

आणि मी? मी कायम नागपूरकराच्या बाजूने, त्याच्याहून मोठ्या आवाजात.

आता जे सांगतो ते या व्यासपीठावर सांगावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. बायको म्हणाली, सांग.

त्याच वर्षी, मे महिन्यात, मी गावी चाळीस हजार रुपये पाठवले होते. एक्स्चेंजवर कारण लिहिलं 'घरदुरुस्ती'. दुरुस्ती कसली? बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, आई गावच्या घरात एकटी. आधी गाय मेली, मग विहिरीचं पाणी आटलं, मग आईला थकवा यायला लागला. चुलत्यांनी कोणा जाणकाराला विचारलं. त्याने सांगितलं, घराण्याचा देवचार कोपलाय, जमिनीचे वाटे करायला निघालात म्हणून. तोडगा, मान, राखण, सगळ्याची यादी आली. मी कॉम्प्युटर इंजिनियर. यादी वाचली आणि पैसे पाठवले. विश्वास होता का? नव्हता. पण 'नाही' म्हणालो आणि उद्या काही झालं तर भावकी मला बोलणार, ही भीती होती. शिवाय पैसे पाठवले की जबाबदारी पार पडली असं आपल्याला वाटतं ना, तेही होतंच. इथून व्हॉट्सअॅपवरून बोलता येत नव्हतं, साधा फोन महागात पडायचा, त्यामुळे आईशी बोलणं पाच मिनिटांचं. ती म्हणायची, 'बरी आसंय.' पाच मिनिटांत कोणीही बरंच असतं.

जुलैमधली गोष्ट. आदल्या रात्रीच्या भागावरून नागपूरकर तावातावाने बोलत होता, की गावातल्या अडाणी माणसांना दोष देऊन उपयोग नाही, यांना पैसे पुरवणारे शिकलेलेच असतात. मी नेहमीसारखा 'बरोबर आहे' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. सालिकच्या कमानीखालून गाडी गेली आणि मी सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता हा माझी सालं काढणार. तो गप्प बसला. पुणेकरही गप्प, हे तर आश्चर्यच! काकांनी फक्त एक विचारलं, 'आईंना नक्की होतंय काय रे?'

मी म्हटलं, थकवा.

'म्हणजे काय? जिना चढताना दम लागतो? पाय सुजतात? रात्री आडवं झोपता येतं?'

मंडळी, मला एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. सर्व्हर बंद पडला तर मी पहिले दहा प्रश्न झोपेतही विचारीन. आईला एकही विचारला नव्हता. मालिकेतल्या पांडूच्या हालचालींचा तक्ता आमच्याकडे होता, आईच्या तब्येतीचा नव्हता.

ऑफिसात पोचल्यावर आधी फोन लावला, चांगला पाऊण तास. मिनिटं मोजली नाहीत. पाय सुजत होते. गेले दोन महिने ती उशांना टेकून बसून झोपत होती. त्याच आठवड्यात दादा मुंबईहून गेला आणि तिला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात घेऊन गेला. हृदयाची झडप. ऑपरेशन झालं, निभावलं. डॉक्टरांनी दादाला एवढंच विचारलं, 'इतके दिवस कुठे होता?' दादाने मला तो प्रश्न फोनवर जसाच्या तसा सांगितला. त्याला चाळीस हजारांचं माहीत नव्हतं. पुढे दिवाळीत मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, त्यानेही तीस पाठवले होते!

पहिलं पर्व ऑक्टोबर २०१६ मध्ये संपलं. शेवटाबद्दल आमच्या गाडीत आजही एकमत नाही, ते सोडून देतो. दुसरं पर्व १४ जानेवारी २०१९ ला सुरू झालं. माझ्या मते तिन्ही पर्वांत तेच सरस, कारण त्यात भुताच्या आधी माणूस दाखवला. पहिल्या पर्वात गोष्ट सुरू होते तीच अण्णांच्या मरणाने, इथे ते जिवंत होऊन समोर आले. माधव अभ्यंकरांनी असा उभा केला की पुणेकर चिडायचा, 'खलनायकाचा हिरो केला लोकांनी!' त्यात तथ्य आहे. सगळीकडे अण्णा आणि शेवंता, शेवंता आणि अण्णा. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचं म्हणणं वेगळंच, की इतकी वर्षं सगळं गिळून घर चालवणाऱ्या माईविषयी कोणी बोलतच नाही. मला ते पटलं. २०२० मध्ये करोनामुळे चित्रीकरण थांबलं, ऑगस्टमध्ये ते पर्व संपलं, मग तिसरं २०२१-२२ चं. तोवर आमची गाडी फुटली होती, दोघं घरून काम करणारे आणि काका कायमचे नाशिकला गेलेले.

पण २०१९ च्या त्या जानेवारीत आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे होती. पहिल्या दिवशी मी जरा घाबरतच टीव्ही लावला. म्हटलं, हिच्या काळजाला झेपेल का? ती पदर खोचून बसली, अर्धा भाग बघितला आणि म्हणाली, 'भूत रवांदे, त्या बायलेक कोणी जेवक वाढल्यान काय?' ती बोलत होती माईविषयी.

एका शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या आपल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही चारही कुटुंबं रास अल खैमाला जझीरत अल हमरा बघायला गेलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव, प्रवाळाच्या दगडांची घरं, १९६८ च्या सुमाराला माणसं सोडून गेली. तिथे जिन राहतात असं लोक बोलतात, त्यावर इंग्रजी-अरबी भयपटही निघालाय. इथल्या कायद्यातही जादूटोणा हा गुन्हा आहे, हे नागपूरकराने जाता जाता आम्हाला ऐकवलंच. पोरं पडक्या भिंतींमागे लपून एकमेकांना 'इसरलंय' म्हणून घाबरवत होती. त्यातलं एकही कोकणातलं नव्हतं.

आई हळूहळू चालत एका घराच्या उंबऱ्याशी थांबली. आत छप्पर नव्हतं, भिंतीत कोनाडे तेवढे शाबूत. एका कोनाड्यावरून तिने हात फिरवला, वाळू झाडली. मला विचारलं, हे लोक गेले कुठे? मी म्हटलं, अबूधाबीला, नवीन ठिकाणी. 'मगे कोण येत नाय बघूक?' म्हटलं, नाही गं, आता सरकार बघतं. ती काही बोलली नाही. बराच वेळ तिथेच उभी. आमच्या घराला त्या दिवशी कुलूप होतं, किल्ली शेजाऱ्यांकडे. तिच्या मनात तेच असणार, पण मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

ऊन उतरलं तशी ती एकदम लगबगीने गाडीकडे निघाली. नागपूरकराला वाटलं, काकू घाबरल्या. तो समजावायला लागला, 'अहो काकू, जिन-बिन काही नसतं.'

आई म्हणाली, 'ता माका म्हायत आसा रे. नव वाजतले, अण्णा येतलो. चला बेगीन.'